बासष्ट पोत्यांची वकिली

मन्नाएखेळ्ळीच्या कल्लप्पाला वकील लागणार हे गावाला कळलं ते एका तुपाच्या डब्यामुळं.

बावन्न सालचा उन्हाळा होता. विक्रीकर हैदराबाद राज्यात येऊन दोन वर्षं झाली होती आणि हमरस्त्यावरच्या दुकानदारांनी त्याच्याकडं पाहुण्यासारखं बघायचं ठरवलं होतं. आलाय, चार दिवस राहील, जाईल. तो गेला नाही. उलट त्याच्यामागून एक साहेब आले, तेलंगणातले, तरुण, चष्मेवाले आणि कागद शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी कल्लप्पाच्या धान्याच्या दुकानातल्या दोन वर्षांच्या वह्या तांबड्या फडक्यात बांधून बिदरला नेल्या. गावातल्या जाणत्यांचं मत पडलं, की निजामाच्या अमलात जे चालायचं तेच आताही चालतं, फक्त टोप्या बदलल्या आहेत. म्हणून कल्लप्पानं पाच शेर तूप पाठवलं. तिसऱ्या दिवशी डबा परत आला. सोबत चिठ्ठी होती: डबा परत मिळाल्याची पोच द्यावी, आणि सदरहू तूप कुणाकडून घेतलं व ते खरेदीवहीत का दिसत नाही याचा खुलासा करावा.

शेजारच्या तेलाच्या व्यापाऱ्यानं, अंकुशरावानं, चिठ्ठी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "अण्णा, मानूस लई अवघड हाय. खातच न्हाई म्हणल्यावर त्याच्याशी बोलायचं तरी कसं? आता वकीलच बघा."

तुपाचं काही विशेष नव्हतं. खरं प्रकरण बासष्ट पोत्यांचं होतं.

कल्लप्पाच्या कोठाराच्या वहीत एक्कावन्न साली ज्वारीची बासष्ट पोती 'उघडली' असं लिहिलं होतं. पुढं सगळं कोरं. कुणाला दिली ते नाही, काय भावानं दिली ते नाही. साहेबांचा तर्क सरळ होता. माल गेला, पैसा आला नाही, म्हणजे विक्री लपवली. आणि ज्यानं बासष्ट पोती लपवली त्यानं आणखी किती लपवली असतील? तेव्हा सगळ्या वह्याच खोट्या धरायच्या, दोन्ही वर्षांचा कर अंदाजानं लावायचा, त्यावर दंड, आणि धान्याचा परवाना रद्द. म्हणजे दुकान संपलं.

खरं काय होतं ते कल्लप्पाला ठाऊक होतं आणि नेमकं तेच सांगायची सोय नव्हती. एक्कावन्न साली पाऊस मध्येच थांबला. अठ्ठेचाळीसच्या, रझाकार आणि पोलीस ॲक्शनच्या, धामधुमीत ज्या घरांतले कर्ते पुरुष गेले होते, आधी एका बाजूच्या घरांतले आणि मग दुसऱ्या बाजूच्या, त्या घरांमध्ये मागं उरल्या होत्या त्या बायका. घरं अब्रूदार होती. दुपारी बाजार झोपला की त्यांतल्या काही बायका दुकानाच्या मागच्या दाराशी यायच्या आणि पदर पुढं करायच्या.

कल्लप्पाचं घर बसवण्णांना मानणारं. कष्टाच्या कमाईतला वाटा भुकेल्यापुढं ठेवायचा, त्याला दासोह म्हणायचं, आणि ठेवला असं कुठं बोलायचं नाही. कल्लप्पाची आई सिद्धम्मा हिनं या बाबतीत घरात कायदाच केला होता: दासोहाचं माप मोजायचं नाही, घेणारीच्या तोंडाकडं बघायचं नाही आणि कुठं लिहायचं नाही. आई गेल्यावरही कल्लप्पानं तो पाळला. फक्त तिसऱ्या कलमापाशी त्याच्यातला व्यापारी आडवा आला. कोठारातलं पोतं कमी झालं तर वहीत दिसायला नको? 'दासोह' असं लिहावं तर स्वतःचा डांगोरा पिटल्यासारखं. म्हणून त्यानं लिहिलं, 'उघडलं'. अशा रीतीनं त्यानं आपला धर्म इतका झाकून केला की तो अगदी चोरीसारखा दिसायला लागला.

पहिल्या तारखेला कल्लप्पा एकटाच गेला होता. साहेबांनी विचारलं, माल कुणाला दिला. कल्लप्पा म्हणाला, सांगणार न्हाई. तपासणीत याहून वाईट उत्तर देता येत नाही. साहेबांनी पंधरा दिवस दिले: एक तर नावं आणा, नाही तर वह्या खोट्या.

"लोक चोरी करून गप बसत्यात," त्याची बायको गंगम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमी दान करून गप बसलाव. आता दोगांची जागा एकच."

"मंग काय नावं सांगू?"

"सांगा की. अन मंग म्हागच्या दाराला कुलूप घाला. कोन येतंय पुन्ना?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं, कमठाण्यावरून, कल्लप्पा बिदरला गेला.

उस्मानगंजाच्या मागच्या गल्लीत गुंडेराव वकील राहायचे. दारावर पाटी नव्हती. पाटी उर्दूत होती ती उतरवली होती, नवी कुठल्या भाषेत लावावी याचा निर्णय सरकारनं घेतल्यावर आपण घेऊ असं त्यांचं म्हणणं होतं. मूळचे ते संतपूरचे. भावांनी शेती सांभाळली आणि यांना हैदराबादला वकिलीच्या परीक्षेला धाडलं. अव्वल दर्जाच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले, दोयम दर्जाची सनद घेऊन बिदरला आले आणि पंचवीस वर्षं उर्दूतून बांधाची भांडणं लढले. अठ्ठेचाळीसनंतर कचेऱ्यांत इंग्रजी शिरली. त्यांच्या वयाच्या बऱ्याच वकिलांनी सनद भिंतीला टांगली आणि नव्या राज्याला नावं ठेवायचा उद्योग पत्करला. गुंडेरावांनी पन्नाशीत शब्दकोश विकत घेतला. विक्रीकराचा कायदा निघाला तेव्हा बड्या वकिलांनी तो वाण्यांचा म्हणून बाजूला सारला. गुंडेरावांनी तो रोज दोन पानं या हिशेबानं वाचून काढला, लोक पोथी वाचतात तसा, फक्त शंका जास्त घेऊन. परिणामी त्या वर्षी बिदर जिल्ह्यात तो कायदा पुरता वाचलेली दोन माणसं होती. दुसरे ते साहेब. पुढं छप्पन साली बिदर म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा हेच गुंडेराव साठीच्या उंबरठ्यावर कन्नड अर्जांचे नमुने गिरवायला बसले. कुणी कीव केली तर म्हणायचे, "राज्यं लई बघितली. अर्ज दोन प्रतींतच मागतात."

कल्लप्पापुढं जो माणूस आला तो ठेंगणा होता, काळ्या कोटाला हिरवट झाक आलेली, कानात अत्तराचा फाया. कल्लप्पानं सगळी हकिगत सांगितली आणि आवाज उतरवून म्हणाला, "वकीलसाब, तुमाला नावं सांगायला हरकत न्हाई. त्यातली एक तर..."

"थांबा," गुंडेराव म्हणाले. "मला नावं नकोत. मला ठाव असलं की माझ्या तोंडावर दिसतंय. धंद्यात ती माझी एक खोट हाय."

"मंग लढायचं कशावर?"

"ते दुकान बघितल्याबिगर सांगत न्हाई. दुकानात एक दिवस बसल्याशिवाय मी वकीलपत्र घेत न्हाई. दुसरं, कचेरीत तुमी बोलायचं न्हाई. साहेबानं राम राम केला तरी माझ्याकडं बघायचं."

"अन फी?"

"पन्नास. कलदार."

कल्लप्पाचा जीव अजून निजामाच्या हाली रुपयांत राहत होता, जे हिंदुस्थान सरकारच्या कलदार रुपयापेक्षा हलके. तो एका सुस्काऱ्यात कलदारावर आला.

गुंडेराव मन्नाएखेळ्ळीला आले आणि सकाळपासून दुकानात एका पोत्यावर बसून राहिले. चालू सालची वही मागितली नाही, प्रश्न विचारला नाही. पाच कप चहा घेतला. गिऱ्हाइकं विचारायची, "पाव्हणे कुठले?" कल्लप्पा सांगायचा, सोयरे हायत. सोयरे ज्वारीच्या ढिगाकडं असे बघत होते, जणू मुलगी पाहायला आलेत. दुपारपर्यंत कल्लप्पानं पन्नास कलदार मनातल्या मनात गेल्या खाती टाकले.

बाजार निजला तेव्हा गुंडेरावांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हा मापारी तुमच्याशी बोलत न्हाई का?"

मापारी म्हणजे निंगप्पा. पंधरा वर्षं या दुकानात मापं टाकणारा. सुट्या विक्रीचं पोतं मापून संपलं की पोत्यामागं एक शेर धान्य त्याची मजुरी. सकाळपासून तो ढिगाशी बोलला होता, गिऱ्हाइकांशी बोलला होता, दाराशी आलेल्या शेळीशीही बोलला होता.

"वरीस झालं," कल्लप्पा म्हणाला. "त्याचं म्हणणं, मी त्याचा दीड शेर बुडिवला. बुडिवला न्हाई, वकीलसाब. त्याचीच मोजणी चुकली. पर ह्यानं काय करावं? बाजार कमिटीकडं लेखी अर्ज दिला. दीड शेरासाठी."

"कवा?"

"एक्कावन्नच्याच पावसाळ्यात."

"अन मागच्या दाराची मापं कोण टाकायचं?"

"तोच. दुसरं कोन टाकणार?"

गुंडेरावांनी चष्मा काढून पुसला. कल्लप्पाला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत काही गेलं.

"त्याला साक्षीला घेऊ," ते म्हणाले.

"वकीलसाब, तो वैरी हाय माझा."

"म्हणून तर. दोस्ताची साक्ष साहेब ऐकून घेत्यात. वैऱ्याची लिहून घेत्यात."

"मंग त्याचा दीड शेर देऊन टाकतो आजच. जरा मवाळ व्हईल."

"निकाल लागेपर्यंत एक दाणाबी द्यायचा न्हाई," गुंडेराव म्हणाले. त्या दिवसात त्यांचा आवाज चढला तो तेवढाच. "नाही तर साक्ष इकत घेतली असं व्हईल."

निंगप्पाला गुंडेरावांनीच विचारलं. तो म्हणाला, येईन, पण मालकासाठी लबाड बोलणार नाही. गुंडेराव म्हणाले, उलट मालकाबद्दल जे मनात आहे ते सगळं बोल. वर्षभरात निंगप्पाला इतकं चांगलं आमंत्रण कुणी दिलं नव्हतं.

तारखेच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तांबडं फडकं सोडलेलं होतं. साहेब वागायला वाईट नव्हते. त्यांनी कल्लप्पाला खुर्ची दिली, आणि हेच कल्लप्पाला सगळ्यात जड गेलं. दखनी त्यांना शिकूनच आली होती, ती ते सावकाश बोलायचे.

"देखो, मेरेकू तकलीफ देनेका शौक नहीं. दो नामां बोलो, बस. मैं कागद पे नहीं लिखता. पूछ के आता, बात खतम."

माणूस खरं बोलत होता, हे कल्लप्पाला दिसत होतं. दोनच नावं. बासष्ट पोत्यांच्या बदल्यात दोन. एक म्हातारी होती, तिला आता कशाचंच काही वाटत नसे. ती चालली असती. दुसरं नाव शोधायला त्याला वेळ लागला नाही. दुकान, परवाना, वडिलांपासूनचं नाव, हे सगळं त्या दोन नावांच्या पलीकडं उभं होतं. त्याचं तोंड उघडलं.

"हुजूर," गुंडेराव म्हणाले, "माझ्या अशिलाला तहान लागलीय."

कल्लप्पाला तहान लागलेली नव्हती. पण वकिलाकडं बघायचं ठरलं होतं, त्यानं बघितलं, आणि उठून बाहेर व्हरांड्यातल्या रांजणाशी गेला. पहिला पेला त्यानं रागानं प्याला. दुसरा पिताना त्याला दिसलं, की साहेब 'पूछ के आता' म्हणाले म्हणजे कचेरीचा पट्टेवाला म्हातारीच्या अंगणात उभा राहून विचारणार, बाई, तू कल्लप्पाच्या दारी धान्य मागायला जात होतीस का. शेजारणी कुंपणावरून ऐकणार. तिसरा पेला त्याला प्यावाच लागला. परत येऊन तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

तोवर गुंडेरावांनी कायद्याचं पुस्तक उघडलं होतं. किमतीशिवाय विक्री होत नाही. किंमत दाखवावी, कर घ्यावा, असं त्यांचं सुरुवातीचं म्हणणं. साहेब म्हणाले, किंमत लपवली आहे. गुंडेरावांनी मग वहीतलं दुसरं पान काढलं. त्या बासष्ट पोत्यांचा रिकामा बारदाना दुकानातच राहिला होता आणि पुढं तो विकल्याची नोंद होती.

"हुजूर, चोरून माल विकणारा पोतं उचलून गाडीत टाकतो. धान्य ओतून देऊन रिकामं पोतं घरी कोण ठेवतो?"

साहेबांनी ते पान निरखून पाहिलं. "तो फिर शेर शेर बेचा होएगा."

"शेर शेर विकलं तर मापाऱ्याची मजुरी पडते," गुंडेराव म्हणाले. "मापारी बाहेर हाय."

निंगप्पा आत आला. त्यानं साहेबांना नमस्कार केला, वकिलांना केला आणि कल्लप्पाच्या खुर्चीवरून नजर अशी फिरवली जशी ती रिकामी आहे.

"ये बासट पोते तुम मापे?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"कित्ते शेर हुए?"

"मोजलं न्हाई."

"मापे और गिने नहीं?"

"दासोहाचं माप मोजत न्हाईत, साब. मोजलं की इकल्यावानी होतंय."

"किसकू दिए?"

"मापाकडं बघायचं. तोंडाकडं बघत न्हाईत."

"मजुरी कित्ती मिली?"

"दासोहाला मजुरी कसली?"

साहेबांनी खुर्ची मागं सारली. हे सगळं पढवलेलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. गुंडेरावांना ते दिसलं असावं. ते अगदी सहज म्हणाले, "निंगप्पा, मालक माणूस कसा हाय?"

"लबाड हाय," निंगप्पा म्हणाला.

कचेरीतला पंखा ओढणारा क्षणभर थांबला.

"कामून?" गुंडेरावांनी विचारलं.

"दीड शेर बुडिवलाय त्यानं माझा. एक्कावन्नच्या आषाढात. पोती मापली, एक शेर कमी दिला, पुढच्या बारीला अर्धा कमी. तोंडावर सांगितलं तर म्हणतो, तुझीच मोजणी चुकली. माझी. पंधरा वर्सं माप टाकायलोय मी."

कल्लप्पा खुर्चीतून अर्धा उठला. गुंडेरावांच्या जोड्याची टाच त्याच्या अंगठ्यावर आली, आणि तो बसला.

गुंडेरावांनी बाजार कमिटीकडच्या अर्जाची नक्कल टेबलावर ठेवली. वर शिक्का होता, तारीख होती. "हुजूर, हा माणूस दीड शेरासाठी सरकारदरबारी गेला. त्याच महिन्यांत मागच्या दारानं बासष्ट पोती त्यानं मापली. ती विक्री असती तर बासष्ट शेर त्याचे येणे होते. त्या बासष्ट शेरांबद्दल या अर्जात एक अक्षर नाही. आजही तो मागत नाही. दीड शेर सोडत नाही तो माणूस बासष्ट शेर कशासाठी सोडेल? मालकावरच्या प्रेमापोटी म्हणावं, तर ते हुजुरांनी आत्ताच ऐकलं."

साहेबांनी अर्ज वाचला. शेवटपर्यंत वाचला, शिक्क्यासकट. मग त्यांनी निंगप्पाला विचारलं, "वो बासट शेर तुमकू होना?"

निंगप्पाला या प्रश्नाचा राग आला. "भुकेल्याच्या मापातनं मजुरी घेऊ? मी काय त्याच्यावानी हाय?" आणि त्यानं दिवसात पहिल्यांदा कल्लप्पाकडं बोट दाखवलं.

साहेबांनी लेखणी उचलली. हुकूम इंग्रजीत होता, गुंडेरावांनी उभ्या उभ्या त्याचा अर्थ सांगितला: बासष्ट पोत्यांची विक्री झाली असं दिसत नाही, वह्या ग्राह्य धरल्या आहेत, परवान्याचा प्रश्न उरत नाही. साहेबांनी पान उलटलं आणि थांबले. बारदाना विकल्याचे पैसे घरखर्चाच्या खात्यात गेले होते. विक्रीत धरले नव्हते. बासष्ट रिकाम्या पोत्यांवरचा कर राहिला होता.

"चूक झाली, हुजूर," गुंडेराव असं म्हणाले, जणू ते आत्ताच ऐकत होते. "भरतो." कर आणि दंड मिळून काही रुपये आणि काही आणे झाले. साहेबांनी त्याची पावती स्वतः लिहिली. हुकूम लिहितानापेक्षा आता ते जास्त समाधानी दिसले.

व्हरांड्यात आल्यावर कल्लप्पानं विचारलं, "बारदान्याचं तुमाला ठाव होतं?"

"कचेरीत जाऊन वह्या तपासल्या त्याच दिवशी दिसलं."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर ते पान दाखवू नका म्हणला असता. अन तेच पान आपली अर्धी केस." गुंडेरावांनी कोटाच्या खिशातून अत्तराचा फाया काढून कानात नीट बसवला. "आता राहिलेली फी."

"राहिली? पन्नास दिलं की."

"निंगप्पाचा दीड शेर द्या. आज, मोटारीतनं उतरल्याबरोबर."

कल्लप्पा पायरीवरच थांबला. इतके दिवस साहेबांपुढं, गंगम्मापुढं, गावापुढं जो संताप त्यानं गिळला होता, तो सगळा एकदम वर आला. "वकीलसाब, म्या तो बुडिवलाच न्हाई. देवाशपथ सांगतो. त्याची मोजणी चुकली होती."

"चुकली असंल."

"मंग दिऊ कामून?"

"कारण आता सरकारी कागदावर आलंय की तुमी तो बुडिवला," गुंडेराव म्हणाले. "बासष्ट पोत्यांत तुमी चोर न्हाई, हे सिद्ध कशावरनं झालं? दीड शेरात तुमी चोर हाव, त्याच्यावरनं. दोन्ही एकदम न्हाई मिळायचं, कल्लप्पा. नावं सांगितली असती तर मिळालं असतं."

कल्लप्पानं त्यांच्याकडं पाहिलं. समोरून निंगप्पा मोटारीत चांगली जागा धरायला पुढं चालला होता.

"नगं," कल्लप्पा म्हणाला. "दीड शेर देतो."

त्यानं तो संध्याकाळी स्वतःच्या हातानं मापून दिला आणि वहीत लिहिला: निंगप्पा मापारी, मागील बाकी, दीड शेर. आयुष्यात त्यानं लिहिलेली ही एकच खोटी नोंद. निंगप्पानं धान्य पाहिलं, माप जरा हात राखून भरलंय असं म्हणाला, आणि घेऊन गेला. त्यांचं बोलणं काही सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार निजल्यावर मागच्या दाराची कडी वाजली. वह्या बिदरला गेल्यापासून ती वाजली नव्हती. कल्लप्पा तोंड फिरवून समोरच्या रस्त्याकडं बघत बसला, आणि निंगप्पा न बोलता माप घेऊन आत गेला.